कानातून काढलेला प्रत्येक तुकडा तपासला जावा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी कानाच्या शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर आहे. मध्यकर्णाच्या, म्हणजे कानाच्या पडद्याआडच्या पोकळीच्या कॅन्सरबद्दल आपल्याशी बोलायचं आहे. हा आजार फार थोड्यांना होतो. कानाभोवतालच्या हाडातले सगळे कॅन्सर धरले, तरी दहा लाख लोकांमागे वर्षाला साधारण 1 ते 6 रुग्ण. तरीही आपला वेळ मागतो आहे, कारण हा आजार अगदी साध्या दुखण्याच्या रूपात येतो आणि म्हणूनच उशिरा सापडतो.

यातल्या बऱ्याच रुग्णांचा कान वर्षानुवर्षं वाहत असतो. घरच्यांना त्याची सवय झालेली असते, डॉक्टरांनाही. मग कधीतरी पुवाबरोबर रक्त येऊ लागतं, रात्री झोप मोडेल असा खोल ठणका सुरू होतो. तरी थेंब बदलून दिले जातात. चेहऱ्याची नस मध्यकर्णातूनच, हाडाच्या अतिशय पातळ नळीतून जाते. कॅन्सर तिथे पोचला की तोंड वाकडं होतं आणि तेव्हा कुठे धावपळ सुरू होते. कानाच्या कॅन्सरचे टप्पे ठरवणाऱ्या पिट्सबर्ग वर्गीकरणाच्या सुधारित रूपात अशी गाठ थेट टी 4 मध्ये, म्हणजे सर्वांत पुढच्या टप्प्यात धरतात. ही जागाच इतकी अडचणीची आहे, की वर मेंदूचं आवरण, खाली मानेची मोठी शीर, पुढे मेंदूकडे जाणारी धमनी. गाठ थोडी जरी सरकली तरी उपचार पार बदलतात.

पडद्याच्या भोकातून डोकावणारा लालसर कोंब चिमट्याने काढला, की हाती येतो नखाच्या टोकाएवढा तुकडा. तो तपासणीसाठी फॉर्मालिनच्या (ऊती टिकवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीत तरी जातो, नाहीतर रक्ताळलेल्या कापसाबरोबर कचऱ्यात. निदान लवकर होणार की उशिरा, हे अनेकदा त्या क्षणी ठरतं. वरवरच्या तुकड्यात नुसती सूज दिसू शकते. त्यामुळे ‘कॅन्सर नाही’ असा रिपोर्ट आला, पण दुखणं आणि रक्त थांबलं नाही, तर भूल देऊन खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यायला हवा. हाड किती खाल्लं गेलंय ते सीटी स्कॅन दाखवतो, मेंदूच्या आवरणापर्यंत गाठ गेली का ते एमआरआय. अपवाद एकच : पडद्याआड लाल, ठोके देणारी गाठ दिसली तर स्कॅनआधी तिला हात लावू नये, ती रक्तवाहिन्यांची असू शकते आणि भयंकर रक्तस्राव होतो.

लहान मुलांबाबत तर मी हात जोडून सांगतो. रॅब्डोमायोसार्कोमा हा मुलांमधला कॅन्सर हुबेहूब कान फुटल्यासारखा दिसतो. औषधांनी न हटणारा कोंब मुलाच्या कानात दिसला तर वाट पाहू नये. केमोथेरपी आणि रेडिएशनने यातली मुलं बरी होऊ शकतात.

मोठ्यांमध्ये मुख्य उपचार शस्त्रक्रियेचा. कानाची नळी आणि मध्यकर्ण हाडासकट एकसंध काढावा लागतो, कधी लाळग्रंथी आणि मानेतल्या लिम्फच्या गाठीही. त्यानंतर बहुतेकदा रेडिएशन. पहिल्याच शस्त्रक्रियेत गाठ पूर्ण निघणं फार महत्त्वाचं. अनेक वर्षांत एखादा असा रुग्ण पाहणाऱ्या सर्जनने एकट्याने हे करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोजकी केंद्रं ठरवा, तिथे कानाचे सर्जन, न्यूरोसर्जन, प्लास्टिक सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून निर्णय घेतील. रुग्णाच्या प्रवासाचा आणि राहण्याचा खर्च सरकारने उचलावा. शस्त्रक्रियेनंतर ज्यांची पापणी मिटत नाही त्यांच्या डोळ्याची काळजी आणि गेलेल्या श्रवणशक्तीसाठी यंत्र, हेही उपचारातच धरावं.

कॅन्सर नोंदणीत या आजाराला सी 30.1 असा स्वतंत्र कोड आहे, पण तक्त्यांमध्ये तो बऱ्याचदा नाक आणि सायनसच्या कॅन्सरबरोबर एकत्र छापला जातो. आकडा वेगळा छापावा.

केंद्रं उभी राहायला वेळ लागेल, हे समजतं. एक परिपत्रक मात्र लगेच निघू शकतं : कानातून काढलेली कुठलीही ऊती पॅथॉलॉजीकडे पाठवल्याशिवाय टाकायची नाही आणि त्या तपासणीचे पैसे रुग्णाकडून घ्यायचे नाहीत.

आपला नम्र,
एक कान-नाक-घसा तज्ज्ञ