वॉचमनलाही डुलकी लागते

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा आपल्या पेपरात बायबलमधल्या 91 व्या स्तोत्रावर लेख आला होता, लेख चांगलाय पण शेवटी लेखकाने हे स्तोत्र रोज म्हटलं की वाईट काही होणारच नाही असं लिहून टाकलंय ते काही पटलं नाही. ही तर इन्शुरन्सची पॉलिसी झाली. हजार जण तुझ्या बाजूला पडले तरी तुला काही होणार नाही असं त्यात आहे, मान्य. पण देवदूत तुला हातांवर झेलतील ही त्यातलीच ओळ मत्तयाच्या शुभवर्तमानात सैतान येशूला ऐकवतो, मार म्हणतो उडी मंदिराच्या टोकावरून. आणि येशू उडी मारत नाही!

मी सिक्युरिटीत आहे, कायम नाईटला. त्यामुळे मला 121 वं जवळचं. आठच ओव्यांएवढं आहे आणि तेवढ्यात 'शमर' म्हणजे राखणे हा हिब्रू धातू सहा वेळा येतो, शोमेर म्हणजे राखणदार, म्हणजे आमचाच धंदा की. हा राखणदार झोपत नाही आणि डुलकीसुद्धा घेत नाही असं म्हटलंय, आता झोप वेगळी नि डुलकी वेगळी हे ज्याने जागरणं काढलीत त्यालाच कळणार, साडेतीनच्या सुमारास रजिस्टरमध्ये एन्ट्री करता करता पेन घसरतं आणि पानावर खालपर्यंत एक रेघ जाते, माझ्या रजिस्टरात अशा रेघा ढिगाने सापडतील. म्हणून ती ओळ वाचली की बरं वाटतं, कुणीतरी पूर्ण जागं आहे.

130 व्यात तर पहाटेची वाट बघणाऱ्या पहारेकऱ्यांचा उल्लेख लागोपाठ दोनदा आलाय. उतरवून घेणाऱ्याची चूक वाटेल, पण चारनंतर घड्याळ बघा, एकदा बघून भागत नाही.

आणि याच 150 स्तोत्रांत 44 वं पण आहे, ते सरळ देवालाच विचारतं, ऊठ, झोपलास का? संग्रह करणाऱ्यांनी ते गुपचूप गाळलं नाही याचं मला फार कौतुक वाटतं. आई गेली त्या वर्षी 121 वं तोंडातून निघेना, हेच म्हणत होतो, मोठ्याने, गेटवर कुणी नसताना. दोनेक महिन्यांनी परत 121 वर आलो, कसा ते सांगता येणार नाही.

लेखकांना एवढंच सांगा की पुढच्या वेळी 91 सोबत 44 पण घ्या. बाकी पेपर छान असतो, फक्त हल्ली उशिरा येतो, मी गेटवरच असतो म्हणून कळतं.

आपला,
एक नाईट ड्युटीवाला वाचक