चष्मा ऑनलाइन मागवायचा, पण कोणता?

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

ऑनलाइन चष्मा स्वस्त पडतो हे खरं आहे, त्यात काही काळंबेरं नाही. दुकानाचं भाडं वाचतं, मधले हात कमी होतात, काचा एकाच ठिकाणी मोठ्या संख्येने तयार होतात. पण तेवढ्या पैशात एक माणूसही कमी झालेला असतो: समोर बसवून डोळ्यांचं माप घेणारा आणि चष्मा आल्यावर काड्या वाकवून तो कानावर नीट बसवून देणारा. त्याचं काम जिथे घरी जमेल तो चष्मा ऑनलाइन घेऊ, जिथे जमणार नाही तो दुकानातूनच.

म्हणून बाबा, तुमचा प्रोग्रेसिव्ह ऑनलाइन नको. त्या काचेत वर लांबचा नंबर, खाली जवळचा आणि मध्ये दोन्हींना जोडणारी एक अरुंद पट्टी असते. ती पट्टी बाहुलीच्या नेमक्या समोर यावी लागते. त्यासाठी तीच फ्रेम नाकावर ठेवून, सरळ समोर बघायला लावून, काचेवर खूण करतात. साइटवर ही उंची अंदाजाने धरली जाते. दोन-तीन मिलिमीटर खाली गेली, तर वाचताना हनुवटी वर करून बसावं लागतं आणि मान धरते. वर गेली, तर समोरचं धूसर दिसायला लागतं. बायफोकलचंही तसंच, त्याची रेघ साधारण खालच्या पापणीच्या कडेला यावी लागते. शिवाय दोन्ही प्रकारांत जिना उतरताना पायरी काचेच्या खालच्या भागातून दिसते, म्हणजे अस्पष्ट. तुमच्या वयात माझी खरी काळजी तीच आहे. ऑनलाइन घ्यायचे ते एका नंबरचे चष्मे: आईचा वाचायचा, तुमचा कॉम्प्युटरचा, आणि दोघांना लांबचा एकेक जास्तीचा.

आता डॉक्टरांचा कागद. ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. एसपीएच हा मुख्य नंबर, सीवायएल म्हणजे आपण ज्याला सिलिंड्रिकल म्हणतो तो, एकाच दिशेत लागणारा नंबर, आणि अ‍ॅक्सिस म्हणजे तो कोणत्या कोनात बसवायचा ते, १ ते १८० मधला आकडा. एसपीएचच्या जागी पीएल किंवा प्लेन लिहिलं असेल तर तो शून्य समजायचा. अ‍ॅड म्हणजे जवळचं दिसण्यासाठी लांबच्या नंबरात मिळवायची भर. अधिक-उण्याच्या चिन्हाकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. −२.०० च्या जागी +२.०० गेलं की सरळ ४ नंबरांचा फरक पडतो.

नुसता वाचायचा चष्मा हवा असेल तर बेरीज आपल्याला करावी लागते आणि बहुतेक घोळ इथेच होतो. समजा लांबचा नंबर +१.००, सिलिंड्रिकल −०.७५, अ‍ॅक्सिस ९० आणि अ‍ॅड +२.५० आहे. वाचायच्या चष्म्याचा एसपीएच झाला +३.५०. सिलिंड्रिकल आणि अ‍ॅक्सिस जसेच्या तसे राहतात. लांबचा नंबर −१.५० असेल, तर त्यात +२.५० मिळवून +१.०० येतो, म्हणजे चिन्हच पालटतं. दचकू नका, ते बरोबर आहे. फॉर्मवर ही बेरीज भरली की अ‍ॅडचा रकाना रिकामा ठेवायचा. तिथे पुन्हा +२.५० लिहिलं तर एकतर प्रोग्रेसिव्ह येईल, नाहीतर भर दोनदा पडून पुस्तक नाकापासून २० सेंटीमीटरवर धरावं लागेल. कॉम्प्युटरसाठी अ‍ॅड साधारण निम्मी घेतात. वरच्याच उदाहरणात +१.२५ मिळवले की +२.२५. त्याने ८० सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे हात लांब केल्यावर बोटं पोचतात तिथलं, स्वच्छ दिसतं. तुमचा स्क्रीन याहून जवळ असेल तर टेपने अंतर मोजा आणि नंबर डॉक्टरांकडूनच लिहून घ्या.

कागदावर बहुतेक वेळा नसतं ते पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर. मोठ्या माणसांत ते बहुतेक ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतं. काचेचा मध्य बाहुलीसमोर आला नाही तर काच प्रिझमसारखी वागते, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवते, आणि डोळे दिवसभर एकमेकांशी ओढाताण करत बसतात. +३.५० च्या काचेचा मध्य ४ मिलिमीटर सरकला तर जवळपास दीड प्रिझम तयार होतो. डोकं दुखायला तेवढा पुरतो, आणि दोष नंबरावर जातो. डॉक्टरांकडेच पीडी लिहून मागा. नाहीच मिळालं तर एकमेकांचं मोजा. आई, तू बाबांसमोर ४० सेंटीमीटरवर, डोळे एका पातळीत येतील अशी बस. मिलिमीटरची पट्टी त्यांच्या नाकाच्या वरच्या भागावर आडवी टेकव. तुझा उजवा डोळा मिट, बाबांना तुझ्या डाव्या डोळ्यात बघायला सांग आणि पट्टीचा शून्य त्यांच्या उजव्या बाहुलीच्या मध्यावर आण. मग पट्टी आणि डोकं न हलवता डावा डोळा मिटून उजवा उघड, त्यांना त्यात बघू दे आणि त्यांच्या डाव्या बाहुलीच्या मध्यावरचा आकडा वाच. काळ्याभोर डोळ्यांत बाहुली वेगळी दिसत नाही. तेव्हा उजव्या बुबुळाच्या कानाकडच्या कडेपासून डाव्या बुबुळाच्या नाकाकडच्या कडेपर्यंत मोजायचं, आकडा तोच येतो. तीनदा मोजा. तिन्ही वेळा एका मिलिमीटरच्या आत जुळलं पाहिजे. हे झालं लांबचं पीडी. वाचायच्या चष्म्यासाठी त्यातून ३ मिलिमीटर वजा करायचे.

फ्रेम निवडताना मॉडेलच्या चेहऱ्याकडे बघू नका, आत्ता जो चष्मा सुखाने बसतो त्याच्या काडीच्या आतल्या बाजूला बघा. ५२-१८-१४० असे तीन आकडे असतात: काचेची रुंदी, नाकावरच्या ब्रिजचं अंतर आणि काडीची लांबी. याच्या एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असलेली फ्रेमच घ्या. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज पीडीच्या जितकी जवळ, तितकी काच पातळ होते. ५२ आणि १८ म्हणजे ७०. पीडी ६२ असेल तर प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवावा लागतो, आणि उणे नंबरात बाहेरची कड जाड दिसते. मोठमोठ्या काचांची फॅशन जाड नंबरवाल्यांसाठी नाही. आई, हे तुला.

काचेचा प्रकार विचारतात तिथे साइट बिल वाढवायला टपलेली असते. तिथे १.५०, १.६७ असे आकडे दिसतील. तो नंबर नव्हे, काचेचा इंडेक्स: तो जितका जास्त, तितकी काच पातळ. ३ नंबरापर्यंत १.५० किंवा १.५६ ची साधी काच पुरते. ४ च्या पुढे १.६१, ६ च्या पुढे १.६७ घ्यावी. पॉलिकार्बोनेट सहज फुटत नाही, पण जास्त नंबरात कडेने बघताना त्यात रंगीत किनार दिसू शकते. ओरखडे रोखणारं आणि चमक कमी करणारं कोटिंग घ्या, रात्री दिव्यांची झळाळी कमी होते. ब्लू कटवर, म्हणजे निळा प्रकाश अडवणाऱ्या काचेवर, पैसे घालू नका. वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२३ च्या पुनरावलोकनात अशा काचांमुळे स्क्रीनचा थकवा कमी होतो असं आढळलं नाही. उन्हात काळी होणारी काच गाडीत फारशी काळी होत नाही, कारण ती अतिनील किरणांवर चालते आणि पुढची काच ते बरेचसे अडवते.

चष्मा आला की आधी पाकिटावरचा नंबर कागदाशी ताडून बघा. मग तो डोळ्यांपासून वीतभर अंतरावर धरून एका काचेतून दाराची उभी कड बघा आणि चष्मा डावी-उजवीकडे हलवा. कड उलट दिशेला सरकली तर काच अधिक नंबराची, बरोबर सरकली तर उणे. चष्मा गोल फिरवल्यावर कड तिरकी झाली तर सिलिंड्रिकल आहे. डाव्या-उजव्या काचांची अदलाबदल झाली असेल तर ती यात बऱ्याचदा कळते. नेमका नंबर मात्र चष्म्याच्या दुकानातल्या यंत्रावरच तपासून घ्या, मिनिटाचं काम आहे. चष्मा एका बाजूला वर चढलेला दिसला तर तिथेच काड्याही नीट करून घ्या. प्लास्टिकची काडी गार असताना घरी वाकवली तर तुटते. नवीन सिलिंड्रिकल नंबराने काही दिवस जमीन किंचित तिरकी वाटते. दोन आठवड्यांनीही तसंच वाटलं तर परत पाठवायचा. म्हणून पैसे भरण्याआधी नंबराची काच परत घेतात का आणि किती दिवसांत, ते वाचून ठेवा.

बाबा, तुमची साखर वरखाली होत असेल तोवर डोळे तपासू नका, साखरेबरोबर नंबरही हलतो. चष्म्याशिवाय अचानक वाचता येऊ लागलं तर खूश होऊन थांबू नका, मोतीबिंदूमुळेही तसं होतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नंबर स्थिरावायला साधारण महिना-दीड महिना लागतो, तोपर्यंत कायमचा चष्मा बनवायचा नाही. कागदावर प्रिझम लिहिलं असेल तर ऑनलाइनचा विचारच सोडा.

आईच्या वाचायच्या चष्म्यापासून सुरुवात करू. कागदाचा दोन्ही बाजूंचा फोटो, पीडीचे तिन्ही आकडे आणि जुन्या काडीवरचे आकडे पाठवा. बेरीज तुम्हीही करून ठेवा, मीही करते. दोन्ही जुळल्यावरच ऑर्डर टाकेन.

तुमची,
लेक