मुसळीचं वर्ष जूनला सुरू होतं

शहादा

चि. वैशाली,
अनेक आशीर्वाद.

पीएचडीच्या संशोधनाला अनुदान मागणाऱ्या तुझ्या अर्जाचा मसुदा वाचला. विषय चांगला आहे, पण खर्चाचा तक्ता नव्याने मांड. प्रवासखर्च तू बाराही महिन्यांत सारखा वाटलास. सफेद मुसळी ही तुझी औषधी वनस्पती पहिल्या पावसाबरोबर वर येते, जुलै-ऑगस्टात फुलते आणि दिवाळीच्या सुमारास पानं वाळून जमिनीला मिळतात. जानेवारीत सातपुड्यात तोरणमाळला जाऊन काय मोजणार? जीप, वाटाड्याची मजुरी, मुक्काम यातला पाऊण हिस्सा जून ते ऑक्टोबरला लाव. पैसे ऑगस्टात आले तर तो मोसम गेलाच, आणि पीएचडीत असे चार-पाचच मोसम मिळतात.

परवानगीचं काम पैशांच्याही आधी हातात घे. यावल अभयारण्यात संशोधनाला वन्यजीव कायद्याच्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, म्हणजे कागद नागपूरपर्यंत जाणार. तोरणमाळ अभयारण्यात येत नाही, तिथला अर्ज वनविभागाकडे वेगळा कर. दोन्ही अर्जांत नमुने किती घेणार ते आकड्यात लिही. ‘आवश्यकतेनुसार’ लिहिलं की फाइल शंका काढून परत येते.

जेआरएफचे, म्हणजे कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्तीचे, महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफचे, म्हणजे वरिष्ठ शिष्यवृत्तीचे, ४२,००० हे तुझ्या पोटाचे पैसे आहेत. त्यातून जीपचं भाडं भरू नकोस, भरायची वेळ आली तर तक्ता चुकला असं समज. युजीसीचा आकस्मिक निधी विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं वर्षाला १२,००० असतो. तेवढ्यात सातपुड्यातल्या दोन ठिकाणांचं काम होत नाही, म्हणून बाहेरचं अनुदान हवंच. निसर्गसंवर्धनाला अनुदान देणारं रफर्ड फाउंडेशन फी आणि शिष्यवृत्ती देत नाही, निव्वळ पदवीसाठीच्या संशोधनालाही नाही. म्हणून मुसळी वाचवायला काय मदत होणार ते पहिल्याच परिच्छेदात दिसू दे. प्रजाती वाचवण्यासाठीचा मोहम्मद बिन झायेद निधी एका प्रजातीसाठी २५,००० डॉलरपर्यंत देतो. पण परदेशी पैसा घ्यायला विद्यापीठाची एफसीआरए (परदेशी देणगी कायदा) नोंदणी आहे का, ते अर्ज भरण्याआधी लेखा विभागात विचार. मंजुरीनंतर विचारलंस तर पैसे अडकून बसतील.

आता नमुन्यांचं. तुझ्या यादीत ‘प्रत्येक ठिकाणाहून दहा रोपं मुळासकट’ आहे, ते काढून टाक. एका जागी वीस रोपं असतील तरच एक उचलावं, त्याहून कमी असतील तर फोटो आणि एक फुलोरा पुरे. डीएनएसाठी पानाचा तुकडा सिलिका जेलमध्ये ठेव, पानाच्या दहापट वजनाचं जेल घे; कमी पडलं की पान काळं पडतं. मुसळीची बी काळी, कांद्याच्या बीसारखी. बोंड तडकलं की ती गवतात सांडते आणि मग हाती लागत नाही, म्हणून बोंडं हिरवी असतानाच मलमलच्या पिशव्या बांध. बी गोळा करशील त्या दिवशी पिकलेल्या बीपैकी वीस टक्क्यांहून जास्त घेऊ नकोस. उगवण तपासायला २५ बियांचे चार गट घे. मुसळीचं बी कमीच उगवतं, तेव्हा आकडा लहान आला म्हणून चाचणी बिघडली असं धरू नकोस.

रोपवाटिकेत लावायच्या मुळ्यांना वरच्या चकतीचा, म्हणजे जिथून कोंब फुटतो त्या खोडाच्या भागाचा, तुकडा हवाच. नुसती मुळी फुटत नाही, आणि बहुतेक रोपवाटिका इथेच फसतात. विकायला खणणारे अख्खा गड्डा चकतीसकट नेतात, तेही बी पडायच्या आधी. जंगलातली मुसळी घटण्याचं मूळ तिथे आहे. म्हणून जागांचे जीपीएस आकडे प्रबंधाच्या छापील परिशिष्टात देऊ नकोस, वनखात्याकडे वेगळ्या पाकिटात दे.

वाटाड्या बिल देत नाही. फेरीमागे हातपावती कर: तारीख, गाव, दिवस, रक्कम, सही किंवा अंगठा, ५,००० च्या वर गेली तर रेव्हेन्यू स्टॅम्प. या पावत्या नसल्या की ३१ मार्चला उपयोगिता प्रमाणपत्र (अनुदान ठरल्या कामालाच खर्च झाल्याचा दाखला) अडतं आणि पुढचा हप्ता जूनला येत नाही. रसायनं, काचसामान हिवाळ्यातच घे, म्हणजे मार्चअखेर घाईत नको ते घ्यावं लागणार नाही.

नवा तक्ता रविवारपर्यंत पाठव, बेरजा मी तपासते.

तुझी,
आई