दिवाळीनंतर पोरांना मैदानावर पळवणं कमी करा

संपादक साहेब, नमस्कार.

शालेय बास्केटबॉलचं तालुका, जिल्हा उरकलं की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या जिंकलेल्या टीम नाशिक विभागाला खेळायला जातात, आणि दरवर्षी त्याच टायमाला मैदानावर जे दिसतं त्याबद्दल लिहितोय. पोरं शाळा उघडल्यापासून पळताहेत. जिल्हा जिंकला की कोच साहेबांना वाटतं आता अजून जोर लावला पाहिजे, मग सकाळी अंधारात एक प्रॅक्टिस, शाळा सुटली की दुसरी, आणि एकाचा फ्री थ्रो (फाउल झाल्यावर रेषेवर उभं राहून, कोणी न अडवता टाकायचा शॉट) चुकला की सगळ्या टीमला लाइन ड्रिलची, म्हणजे कोर्टच्या रेषांपर्यंत पळत जाऊन परत यायची शिक्षा. मॅचच्या दिवशी पाय जड, आणि सगळे विचारतात पोरांना झालं तरी काय.

झालं काय ते फ्री थ्रोवरूनच कळतं. जो पोरगा ऑगस्टला आरामात टाकायचा त्याचा बॉल आता रिंगच्या पुढच्या कडेला आपटून खाली येतो, डावीउजवीकडे जात नाही, जातो सरळच पण आखूड पडतो. म्हणजे निशाणा शाबूत आहे, पाय संपलेत. शॉटची ताकद गुडघ्यातून येते हो, हाताचं काम नंतरचं. पण बाहेरून आवाज येतो, "लक्ष कुठंय रे तुझं!" आणि वर अजून शंभर शॉट मारायला लावतात.

त्यात आपल्याकडे हेच दिवस कापूस वेचणीचे. शेतकऱ्याघरची पोरगी रविवारी सकाळी आईसोबत वाकून वाकून कापूस वेचते, दुपारी एसटी पकडून प्रॅक्टिसला येते, आणि कोर्टवर जरा सुस्त दिसली की "आळशी" ठरते. दहावी-बारावीवाल्यांना क्लास आहेतच, शिवाय ग्रेस मार्कांसाठी घरच्यांचं टुमणं वेगळं. पोळ्याच्या दिवशी आपण बैलाच्या मानेवर जू ठेवत नाही, पोरांना मात्र लक्ष्मीपूजनाच्या सकाळीही मैदानावर बोलावतो!

सुट्टी दिली की पोरं ढिली पडतात म्हणणाऱ्यांनी एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनियो स्पर्स या टीमकडे बघावं. 2012 च्या नोव्हेंबरात त्यांचे कोच ग्रेग पोपोविच यांनी टिम डंकन, टोनी पार्करसकट चार मोठ्या खेळाडूंना मायामीच्या मॅचआधीच आरामासाठी घरी पाठवून दिलं, लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला, तरी गडी बधला नाही. पुढे 2013-14 ला त्यांच्या एकाही खेळाडूची कोर्टवर खेळण्याची सरासरी मॅचमागे 30 मिनिटांपर्यंत गेली नाही (तिकडे मॅच 48 मिनिटांची असते) आणि त्याच सीझनला मायामीलाच 4-1 ने हरवून ते चॅम्पियन झाले. आता आपल्या पोरांना कोणी डॉलर देत नाही हे खरं, पण पाय तर सगळ्यांचे सारखेच थकतात ना.

शेवटच्या महिन्यात दोन तासांची प्रॅक्टिस एक तासावर आणा, पण तो तास 24 सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट मारायलाच लावणारं घड्याळ) लावून मॅचसारखा फास्ट खेळवा, स्पीड कमी करायचाच नाही, फक्त पसारा कमी करायचा. आठवड्यातून एक दिवस बॉलला हातच नको, लंगडी खेळा नाहीतर भरीत पार्टी करा. आणि पोरांना झोपू द्या, 2011 साली छापून आलेल्या स्टॅनफर्डच्या अभ्यासात बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज रात्री दहा तास अंथरुणात राहायला सांगितलं तर फ्री थ्रो आणि थ्री पॉइंटर (लांबून मारायचा तीन गुणांचा शॉट) दोन्ही साधारण 9 टक्क्यांनी सुधारले. खेळाडू अकराच होते, म्हणून ब्रह्मवाक्य समजू नका, पण फुकटातला उपाय आहे, करून बघायला काय जातं.

अजून एक दुखणं म्हणजे टीम बाराची आणि खेळतात तेच पाच. एका दिवसात दोन-दोन मॅच असल्या तरी तेच पाच, बाकीचे पाण्याच्या बाटल्या सांभाळतात, आणि मग कोच भाषण देतात की मोटिवेशन कुठे गेलं. भाषणाने काही होत नाही साहेब. बेंचवरच्या पोराला सांगा की तीन मिनिटं उतरायचं, समोरच्या टीमच्या 7 नंबरवाल्याला उजवीकडून घुसू द्यायचं नाही, बाकी काही नाही केलं तरी चालेल. तो पोरगा पहिल्या शिट्टीपासून त्या 7 नंबरवरची नजर काढणार नाही, आणि पाचातल्या एकाला तेवढाच श्वास मिळेल.

तुमच्याकडूनही एक काम आहे. निकालाच्या बातमीत फक्त कॅप्टन आणि सर्वाधिक गुण करणाऱ्याचं नाव येतं, क्रीडाशिक्षकांचं आणि अध्यक्षांचं तर येतंच येतं. यंदा विभागाच्या बातम्यांत बाराही पोरापोरींची नावं छापा, जागा कमी पडली तर अध्यक्षांचं गाळा.

आपला,
एक माजी खेळाडू, भुसावळ