पिंजऱ्याच्या अर्जावर सही करण्याआधी

तीर्थरूप आई आणि अण्णा यांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय निघाला की अण्णा, तुमचा आवाज चढतो, मग माझाही चढतो आणि तेवढ्यात रेंज जाते. म्हणून लिहिते. शिवारात बिबट्या दिसला म्हणून वनविभागाकडे पिंजरा मागायच्या अर्जावर गावात सह्या चालल्यात, सरपंचांना पहिली सही तुमची हवी आहे, आणि पारावर कुणीतरी म्हणालं म्हणे, "अण्णांची पोरगी विद्यापीठात वाघावरच काम करते, तिला विचारा की." (आपल्याकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.) बरं झालं. इतक्या वर्षांत माझ्या कामाची गावाला पहिल्यांदाच गरज पडली.

आई, तू चारचौघींत सांगतेस की एवढं शिकून पोरगी वाघाची घाण चिवडते. ते खरंच आहे. वाळलेली विष्ठा कागदी पिशवीत भरायची, वर जागा आणि तारीख घालायची आणि प्रयोगशाळेत आणून बारीक चाळणीत नळाखाली धुवायची. माती वाहून जाते. मागे उरतात केस, हाडांचे तुकडे, नखं, एखादं खूर. केस पोटात पचत नाहीत, सगळी मदार त्यावर. एक केस जिलेटिनच्या पातळ थरावर आडवा ठेवायचा आणि थर वाळला की चिमट्याने उचलायचा. खाली त्याच्या खवल्यांचा ठसा उमटलेला असतो. दुसरा झायलीन नावाच्या द्रवात बुडवून आतला गाभा बघायचा. कुत्र्याचा ठसा वेगळा, बकरीचा वेगळा, घुशीचा त्याहून वेगळा. लोकांना वाटतं आम्ही जीपमधून जंगल हिंडतो. माझं निम्मं आयुष्य बेसिनपाशी गेलंय, उरलेलं नॅकच्या मूल्यांकनाच्या फायलींत.

या चिवडण्यातून काय निघतं ते सांगते. आपल्या शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काम केलं. ऊस, वस्त्या, माणसंच माणसं. हरण-सांबर औषधालाही नाही. तरी कॅमेऱ्यांच्या मोजणीत 100 चौरस किलोमीटरला जवळपास 5 मोठे बिबटे निघाले. 2013 साली हा अभ्यास छापून आला. मोजणीत चूक होऊ नये म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे समोरासमोर बांधतात, कारण बिबट्याच्या डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीशी जुळत नाहीत आणि दोन बिबट्यांचे तर नाहीतच. त्याच भागात विष्ठा तपासली, तर खाण्यातला 87 टक्के वाटा पाळीव जनावरांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. बकऱ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा 11 टक्केच, कारण बकऱ्या रात्री आत कोंडलेल्या असतात आणि कुत्री उकिरड्यावर मोकळी. आपल्या वस्तीवरचा वाघ्या कुत्रा का गेला, ते यात आलं.

आता पिंजरा. अण्णा, तुम्हाला 2001 ते 2003 चा काळ आठवत असेल. तेव्हा आपल्या जुन्नर भागात बिबटे धरधरून दूरच्या जंगलात सोडले, सरासरी चाळीसेक किलोमीटरवर. त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी 4 हल्ले व्हायचे, त्या काळात ते 17 वर गेले. धरलेलं जनावर अनोळखी मुलखात सोडलं की ते बिथरतं, आणि इथे त्याची जागा रिकामी राहत नाही, दुसरं येऊन बसतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका वयस्कर बिबट्याला बाहेर काढून गळ्यात माग कळवणारा पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडलं. नाव ठेवलं आजोबा. हे आजोबा कसाऱ्याचं रेल्वे स्टेशन ओलांडून, शंभरावर किलोमीटर चालून मुंबईच्या बाजूला पोचले, वाटेत कुणाच्या केसालाही धक्का न लावता. माझ्या वर्गातली पोरं हे ऐकून टाळ्या वाजवतात. मला मात्र दरवेळी वाटतं, ज्याला एवढं चालता येतं त्याला आपण घाटात सोडून नेमकं काय साधतो?

इथे बसून शहाणपणा शिकवते असं समजू नका. जुन्नर-शिरूर पट्ट्यात माणसं गेली आहेत, लहान मुलं गेली आहेत. त्या घरांत जाऊन टक्केवारी सांगायची नसते, एवढं मलाही कळतं. माणसावर आलेला बिबट्या धरायलाच हवा, त्यात वाद नाही. पण आपल्या शिवारात तो नुसता दिसलाय. पिंजऱ्यात बकरी बांधली की येईल तो अडकेल, दिसलेला तोच असेल असं नाही. आणि तो गेला की गाव निर्धास्त होतं, पोरं पुन्हा अंधारात परसाकडे एकटी जायला लागतात. मला भीती त्याची वाटते.

तासिका तत्त्वावर शिकवायचे तेव्हा पगार वर्षवर्ष अडकायचा आणि तुम्ही उसाचा हप्ता आला की न मागता पैसे पाठवायचात. "हे वाघांचं सोड, बी.एड. कर" असं आईने तेव्हा शंभरदा म्हटलं असेल. तेव्हा मला ए. जे. टी. जॉनसिंग यांचा मोठा आधार वाटायचा. सिवकाशीच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा हा माणूस 1976 मध्ये कर्नाटकातल्या बांदीपूरच्या जंगलात रानकुत्र्यांचा अभ्यास करायला गेला. मोकळ्या रानातल्या मोठ्या सस्तन प्राण्यांवर असं काम करणारे ते पहिले भारतीय. कॉलेजातल्या मास्तरालाही हे जमतं, एवढं मला पुरलं.

तर अर्जाचं. अण्णा, सही करा, पण मागणी बदलून घ्या. पंपाला थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून तुम्ही वयाच्या या टप्प्यावर बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जाता. दिवसा लाईट मागा. सौर कृषी वाहिनी योजना त्यासाठीच आहे. गोठ्याला वरूनसुद्धा जाळी मागा. नुसत्या कुडाला तो भीत नाही. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणं ग्रामपंचायतीने बंद करावं, त्यावर कुत्री पोसली जातात आणि कुत्र्यांमागे तो येतो. तोडणीच्या टोळीला आधीच सांगून ठेवा: उसात पिल्लं सापडली तर उचलून फोटो काढत बसायचं नाही, काम थांबवून वनविभागाच्या 1926 ला फोन करायचा. पिल्लं त्याच जागी ठेवली की बहुतेक वेळा अंधार पडल्यावर आई घेऊन जाते. आणि आई, तू उजाडायच्या आत घास कापायला वाकू नकोस. वाकलेलं माणूस त्याला माणूस वाटत नाही.

सरपंचांना हे पत्र वाचून दाखवलंत तरी चालेल, फक्त बी.एड.चं वगळा. ग्रामसभेला मी येते. पण ती रविवारी ठेवायला सांगा, शनिवारी पोरांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे.

तुमची,
नंदा