जबाब जुळत नाही म्हणून मैत्रीण खोटारडी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कुमारवयीनांच्या थरारकथांचा एक साचा आता सर्वांना पाठ आहे. चार मैत्रिणी सहलीला जातात, एक दगावते, उरलेल्या तिघी एकमेकींवर संशय घेतात आणि जिचा जबाब जुळत नाही तीच शेवटी गुन्हेगार ठरते. संशयाला आमची हरकत नाही. कथेचा जीवच तो. त्याचं कारण मात्र खोटं असतं.

समजा, घटना खारघरच्या पांडवकड्याची आहे. धबधब्याचं पाणी एकदम वाढलं. तिघी सतरा वर्षांच्या. त्यांच्या आठवणी जुळणारच नाहीत. भीतीच्या क्षणी लक्ष एकाच गोष्टीवर खिळतं. एकीला शेवाळलेला दगड आणि सुटलेला हात स्पष्ट आठवेल, पण आधी कोण घसरलं ते सांगता येणार नाही. किती वेळ गेला याचा अंदाज तर हमखास चुकतो. उलट, तिन्ही जबाब शब्दाला शब्द जुळले तर कथेतल्या फौजदाराने कान टवकारावेत. आपसांत बोलताना एकीची आठवण दुसरीच्या डोक्यात तिची स्वतःची म्हणून बसते. तिघींना एकाच बाकड्यावर बसवून जबाब घेतले, की घोळ तिथेच झाला.

तसंही, पोलीस ठाण्यातला तो प्रसंग बहुतेक लेखक चुकवतात. अशा घटनेत आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, थेट खुनाचा गुन्हा नाही. पोलीस तपासाचे नियम सांगणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ नुसार, तिची स्वतःची तयारी नसेल तर साक्षीदार मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी तिच्या घरी जायचं. आणि कलम १८१ नुसार पोलिसांपुढच्या जबाबावर तिची सही घेत नाहीत. ‘थरथरत्या हाताने सही केली’ हे वाक्य म्हणूनच बाद!

मानसिक आघाताचंही तसंच. दुसऱ्याच दिवशी पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, निदान होत नाही. लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकावी लागतात. झोप उडणं, नळाच्या आवाजाने दचकणं, ‘मी का वाचले’ ही टोचणी आणि ‘कोणावरच विश्वास ठेवता येत नाही’ ही भावना ही सगळी आघाताचीच लक्षणं. म्हणजे ग्रुप सोडून गेलेली मैत्रीण कट करत असेलच असं नाही, ती नुसती आठवण टाळत असेल. व्हॉट्सॲपवर सर्वांसाठी मेसेज पुसायला सुमारे अडीच दिवस मिळतात आणि पुसल्याची खूण मागे राहते. तेवढ्या खुणेवर पुस्तकाचं आख्खं प्रकरण उभं राहील, खुनी शोधायचीही गरज नाही.

सगळ्यांना गोल बसवून ‘काय घडलं ते पुन्हा सांगा’ म्हणणारी समुपदेशक मात्र कथेतून काढावी. ताज्या आघातानंतर असं एकाच बैठकीत वदवून घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. सुरक्षित जागा, पाणी, घरच्यांशी संपर्क आणि मुलगी स्वतःहून बोलेल तेवढंच ऐकणं, हे आधी.

प्रकाशकांना एक विनंती: अशा पुस्तकाच्या शेवटच्या पानावर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक छापा. सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येतं.

– एक ग्रंथपाल व एक समुपदेशक, नौपाडा, ठाणे (प.)