शैलेस पत्र : 'हर सायकल'

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय शैले,

संक्रांतीनंतर तुला एक ओळ नाही की फोन नाही. रागावली असशील, रागाव. माझा गुडघा आहे तसाच, आईची साखर ताब्यात आहे. आता जे सांगायचंय ते सांगते, कारण ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

महिन्यापूर्वी आठवीला 'माय ब्रदर'वर पाच-सहा वाक्यं लिहून आणायला सांगितली होती. तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. आई विड्या वळते, भाऊ चाकणला कामाला लागलाय. तिला वाचायला उठवलं. खड्या आवाजात वाचलं तिनं, "माय ब्रदर गेव्ह मी हर सायकल." मागून एक पोरगा ओरडला, "मॅडम, भाऊ की बहीण?" वर्ग खदखदला. आणि शैले, मीही हसले. तोंडावर पदर धरून हसले, पण तिनं पाहिलं. तेव्हापासून ती पोर माझ्या तासाला तोंड उघडत नाही. हजेरीलाही नुसता हात वर करते.

त्या रात्री तिची वही उघडली. प्रत्येक इंग्रजी वाक्याच्या वर तिनं पेन्सिलनं मराठी वाक्य लिहिलं होतं. 'दादाने मला त्याची सायकल दिली.' 'त्याची'मधल्या 'ची'खाली बारीक रेघ. चार ओळी खाली 'त्याचा मोबाइल', तिथं 'चा'खाली रेघ आणि इंग्रजीत बरोबर 'हिज मोबाइल'. मी वही घेऊन बसूनच राहिले. सायकल ती, म्हणून त्याची, म्हणून हर. मोबाइल तो, म्हणून त्याचा, म्हणून हिज. पोरीनं एवढा विचार करून लिहिलं होतं! मराठीत चा-ची-चं वस्तूकडे बघून ठरतं, इंग्रजीत हिज-हर मालकाकडे बघून. हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्याला पाचवीत ए बी सी डी आली, या पोरांना 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी नाही सांगितलं. मी तर बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, 'हिज - त्याचा, हर - तिची'. म्हणजे ही चूक मीच तिच्या हातात दिली होती.

मग तू आठवलीस आणि झोप उडाली.

सातवीत तू उभी राहून वाचलं होतंस, 'माझा आई रोज देवळात जाते.' पहिली हसणारी मी होते. नंतर गड्ड्याच्या जत्रेपर्यंत तू माझ्याशी बोलली नाहीस, आणि बोललीस ते असं : "अव्वाची शेंगापोळी चालते तुला, अव्वाची भाषा चालत नाही." हे वाक्य मी विसरलेली नाही. तुमच्या घरी कन्नड : नन्न अव्वा, नन्न अप्पा, नन्न मनी. आई असो, बाप असो, घर असो, 'नन्न' म्हणजे 'माझा-माझी-माझं' जागचं हलत नाही. अवन तंगी म्हणजे त्याची धाकटी बहीण, अवळ तम्म म्हणजे तिचा धाकटा भाऊ. मालक बघायचा, बस्स, अगदी इंग्रजीसारखं! म्हणून मराठीत चा-ची करताना तू अडखळायचीस आणि इंग्रजीत हिज-हर तुझं कधी चुकलं नाही. मी मात्र सगळ्यांना सांगत फिरले की शैला पुढच्या बाकावरचं बघून लिहिते. मी तुझ्यावर आळ घेतला गं. परवा वर्गाच्या वह्या याच नजरेनं चाळल्या. कन्नड-तेलुगू घरांतली पोरं तिथं फारशी अडत नाहीत, मराठी घरांतलीच अडतात.

आता जिकडेतिकडे मला हेच दिसायला लागलंय. मराठीत आपण म्हणतो 'माझं ऐक', म्हणून पोरं लिहितात 'लिसन माय'. 'माझी वाट बघ'चं एकानं 'सी माय वे' केलं होतं, तुला आवडेल हे. आपल्याकडे ऐकणं कुणाचं तरी असतं, वाट कुणाची तरी असते. इंग्रजीत तिथं 'माझं-माझी' चालत नाही, क्रियापदाला आपलं आपलं अव्यय लागतं : लिसनला टू, वेटला फॉर. आणि 'मला तुझी आठवण येते' याला तर अव्ययही नको, नुसतं 'आय मिस यू'. उलट 'त्याला सांगितलं'मधला 'ला' दिसला की पोरं 'टोल्ड टू हिम' करतात. 'टेल'ला टू नको, 'से'ला हवा. याला कारण काय सांगायचं? क्रियापदागणिक पाठच करून घ्यावं लागतं.

सगळ्यात मोठा गुंता 'त्याच्याबरोबर'चा. आपण सर्वनामाला आधी 'च्या' लावतो आणि मग बरोबर, साठी, कडे मागून चिकटवतो. पोरांना 'च्या'त मालकी दिसते आणि ती लिहितात 'आय वेंट विथ हिज'. मी सांगितलं, अव्ययानंतर हिम. तर परवा एकानं विचारलं, "मग 'अ फ्रेंड ऑफ माइन' कसं चालतं?" काय खूश झाले मी! माझ्या मित्रांपैकी एक, असा अर्थ सांगून दिला त्याला. पण तिसऱ्या बाकाकडे बघितलं, तर ती खिडकीबाहेर बघत होती.

वर्गाला हेही सांगितलं की इंग्रजीतसुद्धा हे सगळं पहिल्यापासून ठरलेलं नव्हतं. 1600च्या आसपासपर्यंत झाडाच्या फांदीलाही 'हिज' लावायचे, 'इट्स' नंतर रुळलं. आणि आपल्याकडे 'सीमा आपल्या आईला भेटली' म्हटलं की आई सीमाचीच. इंग्रजीत 'हर मदर' म्हटलं तर ती सीमाची की शेजारणीची, मागचंपुढचं बघून ठरवावं लागतं. वर्ग ऐकत होता. ती ऐकत होती की नाही, कळलं नाही. तिच्या वहीत समासात लिहिलंय, 'तुझं मराठी बरोबर आहे, फळ्यावरचं माझं चुकलं.' वही परत आली, त्याखाली काही नाही.

तुझ्या भाच्याचं लग्न ठरलं म्हणे, आई सांगत होती. घराचा ताबा मिळाला का? भावजींना नमस्कार सांग. तुझ्या बढतीचं खरं ना? सविस्तर लिही.

आणि एक सांग, अगदी खरं सांग. गड्ड्यात त्या दिवशी पाळण्याच्या रांगेत तू आपणहून माझ्या शेजारी येऊन उभी राहिलीस. मी माफी मागितली नव्हती, तुझ्याकडे बघायचीही हिंमत नव्हती माझी. तरी आलीस. कशामुळे आलीस? मी काय केलं होतं, की काय केलं नव्हतं? सहामाही जवळ आलीय आणि त्याआधी मला त्या पोरीचा आवाज ऐकायचाय. लवकर कळव.

तुझी,
विजू

ता. क. अव्वांसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पार्सलनं पाठवतेय. तू निम्मी खाऊ नकोस.